लाईट आल्यावर येणारी निळी स्क्रीन : मानेवाड्यातल्या एका सेवा केंद्राचं प्रकरण

जूनचा पहिला आठवडा होता. नागपुरात पावसाचा पत्ता नव्हता आणि दाखल्यांची गर्दी सुरू झाली होती. विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, पण कॉलेजचे प्रवेश कोणासाठी थांबत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, सगळ्यांना सगळं त्याच पंधरवड्यात लागतं. मानेवाड्यातल्या एका ताईंच्या सेवा केंद्रात हे सगळं काम एकाच कॉम्प्युटरवर चालतं. तो महिनाभरापासून निळा पडत होता, म्हणजे स्क्रीन अचानक निळी होऊन सगळं थांबत होतं. एखादा दिवस काहीच नाही, एखाद्या दिवशी तीनदा.

मी नागपूरच्या बर्डीवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. ताईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर एक वयस्कर शेतकरी बसले होते. आयुष्यभर मातीत काम केलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, थंब मशीनला त्या सापडत नाहीत. ताईंनी त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या, मग दुसरं बोट घेतलं, मग पुन्हा अंगठा. सातव्या-आठव्या वेळी मशीनवर हिरवा दिवा लागला आणि दोघांच्याही चेहऱ्यावर हसू आलं. त्याच मिनिटाला स्क्रीन निळी झाली, कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट झाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ते बाबा काही बोलले नाहीत, फक्त अंगठा परत धोतराला पुसून तयार राहिले. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं त्याचं मोठं कारण तो अंगठा आहे.

आधी काय काय झालं होतं

मी येण्याआधी मशीनवर बरेच उपचार होऊन गेले होते. उन्हानं तापतो म्हणून कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवली होती आणि कूलरची हवा थेट आत जाईल असा टेबल फिरवला होता. कूलरच्या दमट हवेनं बोर्डावर धुळीचा चिखल बसतो, तो बसलाच होता. प्रोसेसरची पेस्ट बदलली. रॅम काढून तिचे पाय खोडरबरानं घासले, तरी थांबेना म्हणून रॅमच नवीन टाकली. मग व्होल्टेजचा संशय आला म्हणून एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, बदलला. शेवटी मेच्या मध्यावर मशीन एका दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणलं. पाच दिवस शांत गेले आणि सहाव्या दिवशी पुन्हा निळा.

यात कोणाला वेड्यात काढण्यासारखं काही नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी लोड वाढला की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. ताईंचं म्हणणंही तेच होतं : "लाईट गेली का थोड्या वेळानं निळा होते पाहा भाऊ. लाईटचीच भानगड आहे." त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. लाईट आणि निळी स्क्रीन यांचा संबंध होता. फक्त तो कोणी समजत होतं त्या वाटेनं नव्हता.

वहीतली एक नोंद

ताई टोकन नंबरांसाठी एक शंभरपानी वही ठेवतात. काम मध्येच तुटलं तर कोणाचा नंबर पुढं घ्यायचा हे कळावं म्हणून प्रत्येक वेळी त्या मार्जिनमध्ये वेळ लिहीत होत्या. मी ती वही मागून घेतली. एका पानावर असं होतं :

१२.४० लाईट गेली. १२.५५ निळा. १.२० आली. १.२२ निळा.

मी बराच वेळ त्या चार नोंदी पाहत बसलो. मशीन यूपीएसवर होतं. लाईट जातानाचा किंवा येतानाचा झटका मशीनला मारत असता तर १२.४० लाच, नाहीतर १.२० लाच मारला असता. पंधरा मिनिटांनंतर आणि दोन मिनिटांनंतर कोणता झटका येतो? आणखी पानं उलटली. लाईट येण्याच्या वेळेपासून दोन, तीन, एक मिनिटानंतर निळा. असं सात-आठ वेळा.

"ताई, लाईट आल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

"काही नाही करत जी. हातातलं काम करून राहते."

"नेट कुठून चालतं तुमचं?"

"वायफायच्या डब्यातून. लाईट गेली का तो बंद होते, मग मोबाईल लावते केबलनं. लाईट आली का केबल काढून घेते न, डेटा जाते फुकटचा."

आणि १२.५५ ला? त्यांनी आठवून सांगितलं की मोबाईलचं नेट रेंगाळत होतं म्हणून टेथरिंग (मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला देणं) एकदा बंद करून चालू केलं असेल, तसं नेहमीच करावं लागतं.

म्हणजे राउटरला बॅटरी नव्हती, यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर होते. लाईट जाण्या-येण्यासोबत दर वेळी नेटचा रस्ता बदलत होता. मला पहिल्यांदा धागा हातात आल्यासारखं वाटलं.

मशीननं स्वतः काय लिहून ठेवलं होतं

कॅबिनेट उघडण्याआधी विंडोजची स्वतःची डायरी वाचावी, हे मी आता हट्टानं करतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीम लॉगमध्ये कर्नल-पॉवरची ४१ नंबरची नोंद शोधायची. मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं की पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज ही नोंद करतं. नुसतं नाव वाचून लोक म्हणतात, पॉवर लिहिलंय म्हणजे एसएमपीएस खराब. खरी माहिती तपशिलाच्या टॅबमध्ये असते. तिथे बगचेककोड नावाची ओळ आहे. तिथे शून्य असेल तर मशीनला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वेळा करंट तुटला किंवा मशीन पार गोठलं. आकडा असेल तर विंडोजनं स्वतःहून थांबायचं ठरवलं, आणि तो आकडा म्हणजे थांबण्याचं कारण.

फॉरमॅटनंतरच्या दिवसांत अशा सतरा नोंदी होत्या. तीन ठिकाणी शून्य, चौदा ठिकाणी २०९.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. लॉगमध्ये हा आकडा आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत असतो, पण निळ्या स्क्रीनचे कोड सोळाच्या पद्धतीत लिहितात. २०९ म्हणजे तेरा गुणिले सोळा अधिक एक, आणि सोळाच्या पद्धतीत तेरा म्हणजे डी. म्हणून हा कोड डी१, ज्याचं नाव ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. (ड्रायव्हर म्हणजे एखादं यंत्र किंवा सेवा विंडोजशी जोडणारा आतला प्रोग्राम.) चौदाच्या चौदा वेळा तोच. रॅम खराब असती तर आज एक कोड, उद्या दुसरा असं विखुरलेलं चित्र सहसा दिसलं असतं, कारण खराब जागेवर कधी कोणाचा डेटा पडतो, कधी कोणाचा. प्रोसेसर तापला तर तो आधी वेग कमी करतो आणि अगदीच झालं तर मशीन धाडकन बंद होतं, असा नेमका एकच ड्रायव्हरचा कोड पुन्हा पुन्हा देत नाही. त्या दिवशी रात्री मी मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं, सकाळपर्यंत एकही चूक नाही. रॅमवर खर्च झालेले पैसे वाया गेले होते.

आता पुढची पायरी मिनीडंप. निळी स्क्रीन आली की विंडोज त्या क्षणाची मेमरीतली थोडी माहिती एका फाइलमध्ये टाकतं, आणि या फाइली विंडोज फोल्डरच्या आत मिनीडंप नावाच्या फोल्डरमध्ये जमतात. फोल्डर रिकामा होता. ताईंच्या भाच्यानं, तो इंजिनिअरिंगला आहे, मावशीचं मशीन हलकं राहावं म्हणून सफाई करणारं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. ते रोज संध्याकाळी सहाला कचरा काढत होतं आणि त्याच्या यादीत डंप फाइलींवरही टिक होती. पोरानं मनापासून केलं होतं. त्याला बोलावून शेजारी बसवलं आणि ती टिक त्याच्याच हातानं काढली.

आणखी दोन गोष्टी बदलल्या. सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी या जागी "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" बंद केलं, म्हणजे निळी स्क्रीन आल्यावर ती तशीच राहील आणि वाचता येईल. डंपचा प्रकार छोटा, २५६ केबीचा ठेवला. आणि ताईंना सांगितलं की आता आली तर मोबाईलनं फोटो काढा, मगच बटण दाबा.

माझा चुकलेला अंदाज

इथवर बरोबर आलो आणि मग मी अर्धा दिवस वाया घालवला. ताई म्हणाल्या होत्या की त्रास मेच्या सुरुवातीपासून आहे, आणि नवीन थंब मशीन एप्रिलच्या शेवटी घेतलं होतं. नवं यंत्र, नवा ड्रायव्हर, आणि अंगठा लागत असतानाच निळा झालेला मी डोळ्यांनी पाहिलेला. मी थंब मशीनचा ड्रायव्हर आणि त्याची सर्व्हिस काढली. त्यामुळे अर्धा दिवस अंगठ्याची कामं बंद, सहा माणसं परत गेली. दुपारी लाईट गेली, आली, आणि तरीही निळा. ताईंनी फोटो काढून पाठवला. मी थंब मशीनचा ड्रायव्हर परत टाकला.

त्या बाबांच्या वेळी काय झालं होतं ते नंतर विचारल्यावर कळलं : लाईट नुकतीच आली होती आणि ताईंच्या मुलीनं मोबाईल हवा म्हणून मागून केबल ओढून नेली होती. मी अंगठ्याकडे पाहत होतो, म्हणून मला अंगठाच दिसला.

फोटोत कोडखाली लिहिलं होतं : व्हॉट फेल्ड, नेटआयओ डॉट सिस. या नावावर इंटरनेटवर शोधलं तर लॅनचा ड्रायव्हर बदला इथपासून ती फाइल दुसरीकडून आणून टाका इथपर्यंत सल्ले मिळतात. दुसरा सल्ला कोणीही पाळू नये. नेटआयओ ही विंडोजची स्वतःची फाइल आहे, नेटवर्कची सगळी ये-जा तिच्यातून होते. चौकात अपघात झाला म्हणून चौकाला दोष द्यावा तसा तो प्रकार आहे. तिथून कोण चाललं होतं ते पाहायला हवं.

हवी तेव्हा निळी स्क्रीन

अधूनमधून येणारा बिघाड हवा तेव्हा आणता आला की अर्धं काम झालं. केंद्र बंद झाल्यावर संध्याकाळी मी, ताई आणि भाचा बसलो. राउटरचा प्लग काढला, मोबाईल केबलनं जोडला, टेथरिंग चालू केलं, केबल ओढली. काही नाही. दहा वेळा केलं, काही नाही. भाच्याच्या डोक्यात आलं की मावशी केबल काढते तेव्हा मागे काहीतरी अपलोड चालू असतं. त्यानं एक मोठी फाइल अपलोडला लावली आणि मी केबल ओढली. दुसऱ्याच खेपेला निळा. त्या खोलीत त्या क्षणी निळी स्क्रीन पाहून तिघांनाही आनंद झाला.

रात्री ती डंप फाइल घरी नेऊन विंडबगमध्ये उघडली. हे मायक्रोसॉफ्टचं मोफत हत्यार आहे. त्यातली ॲनलाइझची आज्ञा दिली की ते आपला अंदाज सांगतं, आणि इथेही अंदाज नेटआयओच होता. पण त्याखाली स्टॅक दिसतो, म्हणजे कोणी कोणाला हाक मारली त्याची रांग, सगळ्यात ताजी हाक वर. त्यात विंडोजची ओळखीची नावं होती, एनडीआयएस, टीसीपीआयपी, नेटआयओ. आणि मधोमध दोन अनोळखी नावं. एक ताईंच्या सध्याच्या पैसे भरून घेतलेल्या अँटिव्हायरसचं. दुसऱ्याचा तपशील मागितला तर बनवल्याची तारीख २०१६ ची, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनी भलत्याच एका अँटिव्हायरसची. तो अँटिव्हायरस या मशीनवर नव्हताच. प्रोग्रामच्या यादीत त्याचं नावनिशाण नव्हतं.

इथे डी१ चा अर्थ सांगायला हवा, कारण नाव भीतीदायक आहे आणि गोष्ट समजण्यासारखी आहे. विंडोजमध्ये प्रत्येक कामाला एक पातळी असते. साधे प्रोग्राम शून्य पातळीवर चालतात. नेटवर्क कार्डाकडून पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, आलं की ते हाताळणारा ड्रायव्हर बऱ्याचदा दोन पातळीवर चालतो, म्हणजे बाकीच्यांना थांबवून घाईघाईनं काम उरकतो. या पातळीवर एक कडक नियम आहे : जी मेमरी या क्षणी रॅममध्ये नाही, तिला हात लावायचा नाही. एरवी अशी मेमरी डिस्कवरून आणता येते, पण त्यासाठी थांबावं लागतं आणि या पातळीवर थांबायला परवानगी नाही. ड्रायव्हरनं अशा जागेला, किंवा आधीच सोडून दिलेल्या जागेला हात लावला की विंडोज तिथेच सगळं थांबवतं. निळी स्क्रीन म्हणजे आपला डेटा बिघडण्याआधी घेतलेला तो निर्णय आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आता हा पडदा काळा केला आहे आणि त्यावरचं रडकं तोंडही काढलं आहे, पण आतलं कारण तेच.

दोन टिका

संशय येणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. एकदा थंब मशीनवर खोटा आळ घेऊन झाला होता.

नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये एक यादी असते. आयपी ॲड्रेस टाकायला आपण सगळेच तिथे जातो आणि "इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४" शोधून बाकीच्या ओळींकडे पाहत नाही. त्या यादीत दोन अँटिव्हायरसच्या दोन ओळी होत्या, दोन्हींवर टिक. हे फिल्टर ड्रायव्हर. नेटवर्क कार्ड आणि विंडोज यांच्या मध्ये बसून प्रत्येक पॅकेट तपासायचं हे त्यांचं काम. जुना अँटिव्हायरस कंट्रोल पॅनेलमधून काढला होता, त्याचा वॉचमन मात्र गेटवरच राहिला होता.

टिक काढली की तो फिल्टर त्या कनेक्शनवरून सुटतो. म्हणजे फाइल न काढता, काहीही न मोडता परीक्षा घेता येते. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बसलो. एकच मोबाईल, एकच यूएसबी पोर्ट, तेच अपलोड. दोन्ही टिका असताना तिसऱ्या खेपेला निळा. फक्त जुन्याची टिक काढली, वीस वेळा केबल ओढली, काही नाही. जुन्याची ठेवून नव्याची काढली, पुन्हा वीस वेळा, काही नाही. परत दोन्ही टिका लावल्या, चौथ्या खेपेला निळा. भाचा एका कागदावर रेघा ओढून मोजत होता.

जुना एकटा निमूट चालत होता. नवाही एकटा चालत होता. दोघं एकत्र आले की भांडण. मोबाईलची केबल ओढली की विंडोजच्या दृष्टीनं एक नेटवर्क कार्डच काढलं जातं. त्या वेळी प्रत्येक फिल्टरनं आपल्याकडे अडकलेली पॅकेटं परत करायची आणि मगच आपली जागा रिकामी करायची असते. माझा निष्कर्ष असा की जुना फिल्टर सगळी पॅकेटं परत येण्याची वाट न पाहता जागा सोडत होता. एकटा असताना पॅकेटं वेळेत परत येत, म्हणून पचत होतं. नव्यानं तपासणीसाठी पॅकेट क्षणभर रोखलं की ते उशिरा परत येई आणि तोपर्यंत जागा गेलेली असे. छोट्या डंपमधून यापेक्षा खोल दिसत नाही, पण रेघांचा कागद याच्याशी जुळतो.

सुरुवातीचं कोडंही सुटलं. एप्रिलच्या शेवटी थंब मशीनसोबतच नवा अँटिव्हायरस घेतला होता. त्याच आठवड्यात ऊन वाढून लाईट जायला लागली होती. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या आणि ज्या दोन डोळ्यांना दिसत होत्या, त्यांच्यावर सगळा संशय गेला.

ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचं विंडोजचंच एक साधन अशा वेळी सुचवलं जातं. ते निवडलेल्या ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन चूक करताना पकडतं. मी ते लावलं नाही. चुकीचा ड्रायव्हर सापडला तर मशीन सुरू होतानाच निळं पडू शकतं, मग सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन ते बंद करावं लागतं. दाखल्यांच्या गर्दीत कोणाचं चालतं मशीन अशा परीक्षेला बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टिक काढून काम भागत होतं.

फॉरमॅट मारूनही तो परत कसा आला

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. फॉरमॅटमध्ये सगळंच जातं, मग २०१६ ची फाइल कुठून आली? ज्या दुकानातून फॉरमॅट झाला तिथल्या मुलाला भेटलो. त्यानं काही लपवलं नाही. विंडोज, ऑफिस, मराठी फाँट, प्रिंटरचे ड्रायव्हर असं सगळं टाकून त्यांनी एक तयार इमेज ठेवली आहे, तीच प्रत्येक मशीनवर उतरवतात, वीस मिनिटांत काम होतं. ती इमेज फार पूर्वी बनवलेली. त्यात तेव्हा एका अँटिव्हायरसची ट्रायल होती, ती संपल्यावर काढून टाकली आणि पुन्हा इमेज घेतली. प्रोग्राम गेला, ड्रायव्हर इमेजमध्ये राहिला. ताईंचं मशीन मुळात त्याच दुकानातून घेतलेलं, म्हणजे पहिल्या दिवसापासून तो आत होता. फॉरमॅट मारून त्यांनी तोच परत आणून बसवला.

सुरक्षेची सॉफ्टवेअर इतक्या आत का बसतात, याला कारण आहे. वरच्या पातळीवरून पाहणाऱ्याला व्हायरस चकवू शकतो, म्हणून ती कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, जातात. पण कर्नलमधली चूक एका प्रोग्रामपुरती राहत नाही, सगळं मशीन घेऊन पडते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पाडली, जगभर विमानं खोळंबली. तिथे चूक ताजी होती, इथे जुनी राहून गेलेली, पण जागा तीच, कर्नल. म्हणून एक अँटिव्हायरस काढून दुसरा टाकताना मधल्या साफसफाईला मी आता वेगळा वेळ देतो.

काढणं

अशी फाइल ड्रायव्हर्स फोल्डरमधून सरळ डिलीट करू नका, हे कळकळीनं सांगतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, तिची नोंद तशीच राहिली तर विंडोज ती शोधत राहतं. नेटवर्कचा फिल्टर असेल तर नेट बंद पडेल, डिस्कचा असेल तर मशीन सुरूच होणार नाही.

आधी ताईंच्या कामाच्या फाइलींचा बॅकअप घेतला आणि रीस्टोअर पॉइंट बनवला. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपलं उरलंसुरलं काढायला वेगळं टूल देतात, या कंपनीचंही होतं. साध्या मोडमध्ये ते अर्ध्यावर थांबलं. सेफ मोडमध्ये चाललं आणि बराच भाग काढला. (नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर सेफ मोडला जाण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर दारातच अडकाल.) तरी नेटवर्कच्या यादीतली ती ओळ गेली नाही. मग पीएनपीयूटिल या विंडोजच्याच आज्ञेनं ड्रायव्हर स्टोअरची, म्हणजे विंडोजनं साठवलेल्या ड्रायव्हरांची, यादी काढली. बाहेरच्या ड्रायव्हरांना तिथे ओईएम आणि पुढे एक आकडा अशी नावं असतात, कंपनीच्या नावावरून आपला कोणता ते ओळखावं लागतं. आमचा ओईएम१७ होता. त्याला त्याच आज्ञेनं अनइन्स्टॉलसह काढलं, रीस्टार्ट केलं. यादीत आता एकच अँटिव्हायरस उरला.

अपलोड लावून केबल चाळीस वेळा ओढली. भाच्यानं मोजलं, मी मोजलं. काही नाही. मग थंब मशीनही ताईंनी स्वतःच्या अंगठ्यानं तपासलं.

उरलेली तीन शून्यं

आठ दिवसांनी फोन आला. "भाऊ, परत बंद पडला जी."

मनात धस्स झालं. पण ताईंनीच पुढं सांगितलं की निळा नाही झाला, एकदम काळा झाला. लॉग पाहिला तर बगचेककोड शून्य. मागे सतरांपैकी तीन नोंदी शून्याच्या होत्या, त्या मी बाजूला ठेवून विसरलो होतो. त्या खरोखरच लाईटच्या होत्या. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी वहीतल्या त्या दिवशी चाळीस मिनिटं चालली होती, आता मात्र पार थकली होती, लोड लावून पाहिलं तर चार मिनिटंही टिकली नाही. उन्हाळ्यात या बॅटऱ्या लवकर दमतात, आणि ही तर त्या उघड्या, दमट कोपऱ्यात बसलेली. म्हणजे ताई म्हणत होत्या ते लाईटचं दुखणंही होतंच. दोन वेगळी दुखणी एकाच लाईटच्या आडोशाला राहत होती, म्हणून एकाचा उपाय केला की दुसरं बाहेर येऊन सगळ्यांना खोटं पाडत होतं. बॅटरी बदलली. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, त्यामुळे लाईट गेली तरी आता बहुतेक वेळा मोबाईल लावावाच लागत नाही. कॅबिनेटची बाजू बंद केली आणि कूलरचं तोंड माणसांकडे फिरवलं.

दुकानातल्या त्या मुलाकडे मी ओईएम१७ चा स्क्रीनशॉट घेऊन गेलो होतो. त्यानं इमेजचा पेनड्राइव्ह काढून एका रिकाम्या मशीनवर उतरवली आणि नेटवर्कची यादी उघडली. ती ओळ तिथे होती, टिकेसकट. तो थोडा वेळ गप्प बसला. मग काउंटरखालून पावत्यांचं रजिस्टर काढलं, वर्षाच्या सुरुवातीचं पान उघडलं आणि पहिला नंबर फिरवला : "काका, तुमच्या कॉम्प्युटरले काही त्रास होऊन राहिला का?"